स्पिएराचे तारण

नॅथॅनिएल वूड्स हा इंग्लंडमधील नॉर्विचचा एक धर्मोपदेशक. त्याचे 'द कॉन्फ्लिक्ट ऑफ कॉन्शन्स', म्हणजे सदसद्विवेकाचा झगडा, हे नाटक १५८१ मध्ये लंडनला छापले गेले. त्याच सालाचा आकडा असलेल्या या नाटकाच्या दोन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. दोहोंतील पात्रे तीच, संवाद बहुतेक तेच. नायकाचे नावही दोन्हींत फिलोलोगस. मात्र पहिलीच्या मुखपृष्ठावर ही फ्रान्सिस स्पेरा नामक माणसाची हकिकत असल्याचे छापले आहे आणि शेवटी दूत येऊन सांगतो, की नायकाने गळफास लावून घेतला. दुसरीच्या मुखपृष्ठावरून स्पेराचे नाव गेले आहे. आणि दूत सांगतो, की नायकाला अखेरीस पश्चात्ताप झाला, तो देवाच्या कृपेत शांतपणे मरण पावला.

एकच नाटक, एकच साल, आणि एकच माणूस एकदा नरकात व एकदा स्वर्गात. नाटककाराला शेवट बदलावासा वाटणे ही नवलाची गोष्ट नव्हे. आपल्याकडेही प्रयोगागणिक शेवट बदललेले आहेत. येथे मात्र प्रश्न रंगभूमीपुरता नाही. ख्रिस्ताचा स्वीकार करून ज्याला तारण लाभले, त्याने पुढे ख्रिस्ताला नाकारले तर ते तारण जाते काय, आणि गेलेले परत मिळते काय, या वादात अर्धा युरोप तेव्हा गुंतला होता. त्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हा स्पेरा, खरे नाव फ्रान्चेस्को स्पिएरा.

स्पिएरा व्हेनिसच्या प्रजासत्ताकातील चित्तादेल्ला या गावचा वकील. पादुआपासून हे गाव जवळच. वकिली उत्तम चाललेली, घरात मोठे कुटुंब. १५४० च्या दशकात त्याने सुधारणावादी मते स्वीकारली. मनुष्य केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो हे मत त्याला पटले आणि तो ते उघडपणे सांगू लागला. तक्रार झाली आणि व्हेनिसच्या धर्मन्यायासनापुढे खटला उभा राहिला. जून १५४८ मध्ये त्याने व्हेनिसला आपली मते मागे घेतली. शिक्षेचा भाग म्हणून पुढच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, तेच पुन्हा म्हणावे लागले. बायकामुलांचे काय होईल, मिळकतीचे काय होईल, ही चिंता त्यामागे होती. त्या काळी अशी माघार अनेकांनी घेतली आणि पुढे ते सुखाने जगले. स्पिएराला ते जमले नाही. आपण सत्य ओळखून सत्य नाकारले, पवित्र आत्म्याविरुद्धचे अक्षम्य पाप आपल्या हातून घडले, आता आपल्याला क्षमा नाही, अशी त्याची खात्री झाली. त्याने अन्न टाकले. घरच्यांनी त्याला पादुआला वैद्यांकडे नेले. वैद्यांना देहात रोग सापडला नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात तो चित्तादेल्लाला परतला आणि तेथेच वारला. त्याने आत्महत्या केल्याची वदंता मागाहून पसरली. वूड्सच्या पहिल्या शेवटातील दोर त्या वदंतेतून आला असावा.

पादुआ हे विद्यापीठाचे गाव. आजाऱ्याच्या खोलीत प्राध्यापक, विद्यार्थी, धर्मगुरू यांची रीघ लागली. कायद्याचा प्राध्यापक माटेओ ग्रिबाल्दी, हेन्री स्क्रिमजर हा स्कॉटिश विद्वान आणि पिएर पाओलो वेर्जेरिओ हा बिशप यांनी जे पाहिले-ऐकले ते लिहून ठेवले. स्पिएराचे म्हणून जे बोल आपल्यापर्यंत आले ते या मंडळींच्या लेखणीतून, हे विसरता कामा नये. त्यांना सुधारणावादाविषयी ओढ होती. तेव्हा त्यांच्या लेखनात वृत्तान्त किती आणि प्रवचन किती, हे वाचकाने सावधपणे तोलावे. वेर्जेरिओची गोष्ट तर आणखी निराळी. त्याच्यावरही पाखंडाचा संशय होता. स्पिएराच्या खाटेशेजारी बसून त्याने आपला निर्णय घेतला आणि १५४९ मध्ये तो इटली सोडून आल्प्सपलीकडे गेला. एकाचे तारण गेले म्हणून दुसऱ्याने आपले वाचवले, असा अर्थ प्रॉटेस्टंट लेखकांनी लावला.

या खोलीतील संभाषणे आम्हाला संपूर्ण प्रकरणाचा गाभा वाटतात. भेटायला येणारा प्रत्येक जण बायबलमधील दिलाशाचे वचन घेऊन येई, आणि वकील असलेला स्पिएरा प्रत्येक वचनावर उलटतपासणी करी. पेत्राने ख्रिस्ताला तीनदा नाकारले, तरी त्याला क्षमा मिळाली ना? होय, पण प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले; माझ्याकडे तो पाहत नाही. देवाची दया अपार आहे ना? आहे, पण निवडलेल्यांसाठी. विश्वास ठेव म्हणावे, तर तो म्हणे, ठेवावासा वाटतो, ठेवता येत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय त्याच्या बाजूने उभा होता: एकदा प्रकाश मिळून जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे तेथे म्हटले आहे. सुधारणावाद्यांची शिकवण अशी, की श्रद्धावंताला आपल्या तारणाची खात्री असावी. स्पिएराजवळ खात्री होती, तीही अढळ. फक्त ती उलट्या दिशेची होती. त्याला हरवू शकेल असा वादी पादुआत निघाला नाही.

त्या काळच्या तीन पंथांपैकी कोणापाशी या माणसासाठी काय होते ते पाहू. कॅथलिक चर्चने जानेवारी १५४७ मध्ये, ट्रेंटच्या परिषदेत, निर्णय दिलेला होता: लाभलेली कृपा पापाने गमावता येते आणि प्रायश्चित्ताच्या संस्काराने परत मिळते. त्या हिशेबाने स्पिएरा चर्चमध्ये परतला, म्हणजे वाचलाच. पण त्या संस्कारावरील श्रद्धाच त्याने गमावली होती. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने एकाच कलमात दोन टोकांचा निषेध केला आहे. तारलेला मनुष्य पवित्र आत्म्याला मुकूच शकत नाही म्हणणारे चुकले, आणि बाप्तिस्म्यानंतर पडलेल्याला क्षमा नाकारणारेही चुकले. हे दुसरे टोक जुने आहे. इ. स. २५० च्या सुमारास डेशिअस बादशहाच्या छळात ज्यांनी रोमी देवतांना यज्ञ केले, त्यांना चर्चमध्ये परत घ्यावे की नाही यावरून रोमचा नोव्हेशन फुटून निघाला होता.

तिसरी बाजू कॅल्व्हिनची. स्क्रिमजरने लिहिलेल्या वृत्तान्ताला १५५० मध्ये कॅल्व्हिनची प्रस्तावना लाभली. त्याच्या मते देवाने निवडलेल्यांचे तारण कधीही जात नाही. हे ऐकताना धीर येतो. पण मग जो डोळ्यांदेखत पडला त्याचे काय? उत्तर असे, की तो निवडलेला नव्हताच. त्याची श्रद्धा तात्पुरती होती. आणि ही तात्पुरती श्रद्धा खऱ्या श्रद्धेशी इतकी मिळतीजुळती असू शकते, की ज्याच्या मनात ती आहे त्यालाही ती खरीच वाटते, असे कॅल्व्हिनने 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये मान्य केले आहे. म्हणजे तारण गमावण्याची भीती गेली, पण तिच्या जागी ते मुळात होते की नाही ही भीती आली. आमच्या मते ही दुसरी भीती अधिक खोल आहे. कारण गमावलेल्याला निदान आठवण तरी असते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या कल्पनेसाठी 'तारण' हा शब्द रूढ केला. सावकारी व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू: सोडवली तर आपली, मुदत चुकली तर गेली. हा योगायोगच, पण स्पिएराची कथा मराठीत वाचताना शब्दाचा दुसरा अर्थ मधूनमधून डोके वर काढतो.

आता पुन्हा वूड्सकडे. नाव का गाळले याची कारणे प्रास्ताविकात दिली आहेत: एका खाजगी व्यक्तीचे दोष वेशीवर टांगणे कॉमेडीला शोभत नाही, शिवाय नाव दिले तर प्रेक्षक म्हणतील, हे त्याचे झाले, आमचे नव्हे. दुसरे कारण मार्मिक आहे. शेवट का बदलला याचे उत्तर मात्र अटकळीनेच द्यावे लागते. आमची अटकळ अशी, की स्पिएराचे नाव असेपर्यंत त्याचा शेवट इतिहासाशी, निदान वदंतेशी, बांधलेला होता. नाव गेले आणि फिलोलोगस म्हणजे प्रेक्षकांतील कोणीही, असे ठरले. मग त्या कोणालाही फासावर लटकवून घरी पाठवणे धर्मोपदेशकाला जड गेले असावे. नाटक म्हणून दुसरा शेवट लंगडा आहे, हे कबूल केले पाहिजे. सबंध नाटकभर जो पाषाण झाला आहे तो पडद्याआड विरघळतो आणि आपल्याला त्याची फक्त बातमी मिळते.

मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'चे नाते या नाटकाशी लिली कॅम्पबेल या अभ्यासक बाईंनी १९५२ मध्ये जोडून दाखवले. मार्लोच्या नाटकाचीही दोन रूपे आहेत, १६०४ चे आणि १६१६ चे. सत्-देवदूत फॉस्टसला सांगतो की अजून उशीर झालेला नाही. पण पहिल्या छापील संहितेत अट आहे ती पश्चात्ताप करू 'शकला' तर, आणि दुसरीत करी'ल' तर. एका क्रियापदाचा फरक. 'शकला' म्हटले की आपण स्पिएराच्या खोलीत असतो. 'करील' म्हटले की दार उघडे आहे, जायचे की नाही हे फॉस्टसवर. हा बदल कोणी व का केला ते सांगता येत नाही. पण त्या दोन सालांच्या मधल्या काळात नेदरलंड्समध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये हाच प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता. श्रद्धावंत पडून कायमचा मुकू शकतो काय, यावर शास्त्राचा अधिक शोध घ्यावा लागेल, असे त्यांच्या पाचव्या कलमात आहे. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने तो शोध थांबवला. निवडलेला पडेल, खरचटेल, पण कायमचा मुकणार नाही, असा निकाल दिला.

निकालाने मने शांत होत नाहीत. नॅथॅनिएल बेकनने १६३८ मध्ये इंग्रजीत स्पिएराचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ते पुन:पुन्हा छापले जात राहिले. जॉन बन्यनच्या हाती ते पडले तेव्हा तो आपणही ख्रिस्ताला विकले या भयाने पछाडलेला होता. त्या वाचनाने आपली वेदना किती वाढली हे त्याने १६६६ च्या आत्मकथनात सांगितले आहे. पुढे १६७८ मध्ये 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' आले. हा ग्रंथ हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणला आणि आपल्या कादंबरीच्या पूर्वेतिहासात त्याची नोंद होते. दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्रीला जातीत परत घेता येईल काय यावर मुंबईत रण माजले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली. तेथेही प्रश्न परतीचाच होता. मात्र उत्तर द्यायचे होते जातीने. स्पिएराला शुद्ध करून घेणारी अशी कोणतीही सभा नव्हती.

बन्यनच्या ग्रंथात एका घरात यात्रिकाला लोखंडी पिंजऱ्यात बसलेला माणूस दाखवतात. एके काळी तो श्रद्धावंत म्हणून नावाजलेला होता. आता त्याला पश्चात्ताप करता येत नाही, आणि देवानेच आपल्याला कोंडले असे तो म्हणतो. या माणसामागे स्पिएरा आहे असे अभ्यासक मानतात. वूड्सला दोन शेवट लिहावे लागले. बन्यन एकही लिहीत नाही. पिंजरा उघडतही नाही आणि माणूस मरतही नाही. यात्रिक थोडा वेळ त्याच्याशी बोलतो, आणि मग त्याला पुढच्या खोलीत नेतात.