जॉयस्टिकचा दांडा आणि भोसरीचा लेथ

जुन्या घरगुती संगणकांना जोडायची जॉयस्टिक दिसायला इलेक्ट्रॉनिक उपकरण असली, तरी तिच्या पोटात इलेक्ट्रॉनिक म्हणावे असे जवळजवळ काहीच नसते. अटारी कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेल्या व्हीसीएस या खेळयंत्राबरोबर जी जोडणी रूढ झाली, तिच्यात चार दिशांचे चार स्विच आणि गोळी झाडण्याचे एक बटण एवढाच ऐवज होता. नऊ पिनांपैकी पहिल्या चार दिशांना, सहावी बटणाला आणि आठवी सर्वांच्या सामाईक ग्राउंडला दिलेली होती. दांडा झुकला की त्या बाजूचा स्विच मिटतो, त्याची पिन ग्राउंडला जोडली जाते, आणि संगणकाला त्यापलीकडे काही कळावे लागत नाही. दांड्याने कोणत्या बिंदूभोवती फिरावे, हात काढताच तो मध्यावर कसा यावा आणि हजारो झटक्यांनंतरही त्यात प्ले, म्हणजे सांध्यातील ढिलाई, कशी येऊ नये, हे उरलेले प्रश्न यंत्रकामाचे आहेत. म्हणून हौसेने घडवलेल्या जॉयस्टिकची पूर्वपीठिका पिंपरी-चिंचवडच्या परिसरात शोधायची, तर ती संगणकाच्या दुकानात न शोधता लेथच्या शेडमध्ये शोधावी लागते.

हा पट्टा अर्थातच खेळण्यांसाठी उभा राहिला नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची एमआयडीसी, स्थापन झाले, आणि त्याच दशकात टेल्को व आकुर्डीची बजाज ऑटो यांच्या रूपाने वाहनांचा उद्योग इथे रुजला. १९७० साली नगरपालिका झालेले पिंपरी-चिंचवड १९८२ साली महानगरपालिका झाले, ते याच कारखान्यांच्या बळावर. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोठ्या कारखान्यांपेक्षा त्यांच्या आसऱ्याने भोसरीच्या ब्लॉकांत दाटलेल्या लहान शेडी महत्त्वाच्या ठरतात. तिथे जॉबवर्क चाले: मोठ्या कंपनीने ड्रॉइंग द्यावे, बहुधा मालही द्यावा, आणि शेडवाल्याने नगावर मजुरी घेऊन बुश, पिन, स्प्रिंग किंवा ब्रॅकेट करून द्यावे. स्कूटरच्या हँडलवरील दिवा व हॉर्नचे स्विच हे या दृष्टीने जॉयस्टिकचे सख्खे भावंडच मानावे लागते, कारण दोहोंतही अंगठ्याचा दाब, परत येणारी स्प्रिंग आणि न झिजणारा विद्युतसंपर्क यांचाच मेळ घालायचा असतो.

भारतात घरगुती संगणक आला तो उशिरा आणि थोड्यांच्या घरी. सरकारने शाळांसाठी १९८४ साली सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात ब्रिटनच्या बीबीसी मायक्रोची निवड झाली, तर घरासाठी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवान्याखालील आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकायला काढली. १९९० च्या सुमारास ती बाजारपेठ विरून गेली. मूळ स्पेक्ट्रमला, तसेच स्पेक्ट्रम प्लसलाही, जॉयस्टिकची खाच नव्हती. कळफलकाखाली छापील वाहक रेषांचा प्लास्टिकचा पापुद्रा असे, आणि खेळणाऱ्या मुलांच्या बोटांखाली त्याच त्या चार-पाच कळा दिवसभर दबल्या की तो पापुद्रा दगा देई. तेव्हा जॉयस्टिक ही त्या संगणकापुरती चैनीपेक्षा कळफलकाच्या आयुष्याची तरतूद होती. त्यासाठी मागच्या बाजूस केम्पस्टन पद्धतीचे एक लहान मंडल जोडावे लागे, जे ३१ क्रमांकाच्या पोर्टवर उजवी, डावी, खाली, वर आणि बटण यांना अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ या किमती देऊन त्यांची बेरीज संगणकासमोर ठेवी. पुढे ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेऊन काढलेल्या स्पेक्ट्रम प्लस-टूमध्ये नऊ पिनांची खाच दिली खरी, पण पिनांचा क्रम बदलून टाकला. अटारीची जॉयस्टिक तिच्यात नीट बसते आणि काम मात्र करत नाही. ग्राहकाला आपलाच माल घ्यायला लावण्याचा याहून उघड मार्ग क्वचितच सापडेल.

आज अशी जॉयस्टिक नव्याने घडवणाऱ्यापुढे पहिली निवड स्विचची असते. पत्र्याची लवचिक पाती एकमेकींना टेकवण्याची रीत जुनी व मऊ. तिच्याऐवजी १९३२ साली अमेरिकेतील फ्रीपोर्ट येथे जन्मलेला मायक्रोस्विच वापरला, तर आतील ताणलेली पट्टी ठरावीक बिंदूला एकदम उलटते, टिक् असा आवाज होतो आणि बोटाला चाल लागू पडल्याची खूण मिळते. दांडा ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादातून लेथवर काढता येतो, त्याच्या मध्यावर गोल गाठ ठेवावी लागते आणि ती गाठ नायलॉनच्या किंवा डेलरिनच्या बुशमध्ये बसवावी लागते. गाठीच्या खालचा भाग वरच्या भागाच्या मानाने जितका लांब, तितक्या थोड्या झुकावात स्विच दबतो. हे गुणोत्तर चुकले तर उत्तम स्विचही आळशी वाटतात. तळाशी गेट नावाची छिद्र पाडलेली पट्टी दांड्याचा फिरण्याचा आवाका बांधते. चौकोनी गेटच्या कोपऱ्यांत तिरक्या दिशा सहज सापडतात, अष्टकोनी गेटला आठही दिशांना खाच लागते, आणि पॅकमॅनसारख्या चारच दिशांच्या खेळात तिरक्या दिशा मुळातच अडवाव्या लागतात. याशिवाय मिटताना स्विचचे संपर्क काही क्षण थरथरतात आणि एका दाबाचे अनेक दाब वाटू शकतात. जुने खेळ पोर्ट बहुधा पडद्याच्या प्रत्येक चौकटीला एकदाच वाचत असल्याने त्यांना ते फारसे जाणवत नसे, यूएसबीसाठी लिहिलेल्या आजच्या प्रोग्रामला मात्र ती थरथर गाळून घ्यावी लागते.

खरी अडचण नगांच्या संख्येची असते. या पट्ट्याचे सगळे अर्थशास्त्र पुनरावृत्तीवर उभे आहे: पोलादी मोल्डचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच प्लास्टिकचे कवच स्वस्त पडते, आणि एका जॉयस्टिकसाठी मोल्ड करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी मांडव घालणे होय. म्हणून हौशी माणूस कवच मोल्डमधून न काढता लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या थरांतून, पत्र्यातून किंवा त्रिमितीय छपाईतून करतो, स्विच व तारा पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणतो, आणि दांड्यासाठी मात्र सुट्टे काम घेणारा टर्नर गाठतो. दरम्यान उद्योग उत्तरेकडे सरकला. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला आणि २००७ साली आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबवण्यात आली; चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आले, तसे पुरवठादारांच्या शेडींत हातलेथच्या जागी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे, वाढत गेली. अशा यंत्रावर पहिल्या नगाआधी प्रोग्राम लिहिणे, हत्यारे लावणे आणि शून्य जुळवणे यांत जो वेळ जातो, तो एकाच दांड्यावर टाकला तर दांडा संगणकाहून महाग होईल. हातलेथवरचा टर्नर ड्रॉइंगऐवजी झिजलेला जुना दांडाच नमुना म्हणून मागून घेतो, व्हर्नियरने त्याची मापे घेतो, किती सूत जाड ठेवायचा तेवढे विचारतो, आणि चालू ऑर्डरच्या दोन फेऱ्यांमध्ये तो काढून देतो.