पांडवांची लेणी, कटप्पाची गुलामी आणि आपला पुरावा



घोडेगावजवळच्या एका वस्तीत आम्ही महिन्यातून एकदा मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. एकदा पावसामुळे ठरलेले वक्ते पोहोचले नाहीत. मुले कंटाळली होती, म्हणून विषय निघाला ‘बाहुबली’चा. प्रत्येकाने या सिनेमाबद्दलचे असे एक मत सांगायचे, जे बाकीच्यांना मुळीच आवडणार नाही. मुलांच्या भाषेत ‘अनपॉप्युलर ओपिनियन’.

तुम्हाला आठवत असेल, १० जुलै २०१५ ला पहिला भाग आला आणि २८ एप्रिल २०१७ ला दुसरा येईपर्यंत अख्खा देश एकच प्रश्न विचारत होता: कटप्पाने बाहुबलीला का मारले? चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत ज्याची त्याची थिअरी तयार होती. आमच्या वर्गातही तेच सुरू झाले. मग बारावीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, “सर, मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. कटप्पा गुलाम का आहे, हे कोणीच विचारत नाही. पूर्वजाने सिंहासनाला वचन दिले म्हणून त्याने जन्मभर मान खाली घालायची? तो अस्लम खान त्याला सोडवायला तयार असतो, तर हाच नको म्हणतो. आणि थिएटरात टाळ्या पडतात त्या याच निष्ठेला!”

वर्ग एकदम गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, “अगं, पिक्चर आहे तो.”

‘पिक्चर आहे तो’, ‘गोष्ट आहे ती’, ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ ही वाक्ये आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. गोष्ट निरुपद्रवी असते, असे सांगणाऱ्याला बहुधा त्या गोष्टीत चांगली जागा मिळालेली असते. ज्याच्या वाट्याला कटप्पाची जागा येते, त्याला प्रश्न पडतोच.

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली आलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक म्हणजे धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. दशावताराची कथा तोवर लोक हात जोडून ऐकत होते. फुल्यांनी ती उलट बाजूने वाचली. माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल, असे साधे, रोखठोक प्रश्न विचारले. वामनाने बळीला पाताळात घातले, ही विजयाची कथा कोणाची आणि पराभवाची कोणाची? दिवाळीत ओवाळताना आमच्या आयाबहिणी बळीचे राज्य येवो असे म्हणतात, वामनाचे येवो असे कोणी म्हणत नाही. ती आठवण कुठून आली? त्या काळात याहून नावडते मत दुसरे नसेल.

ही परंपरा बाबासाहेबांनी पुढे नेली. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी फुल्यांनाच अर्पण केला आहे. ‘रिडल्स इन हिंदुइझम’चे हस्तलिखित मात्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने ते बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड म्हणून १९८७ साली प्रसिद्ध केले. योगायोग पाहा. त्याच वर्षी २५ जानेवारीपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली होती. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, लोक आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसत. अशा दिवसांत राम आणि कृष्ण यांच्याविषयी प्रश्न विचारणारे परिशिष्ट छापून आले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीला त्या खंडाची होळी झाली. परिशिष्ट काढून टाकण्याचा निर्णय सरकारने घेतला. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप जोडली गेली.

आपण हा विजय अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण नावडते मत मांडण्याचा हक्क मिळाला म्हणून ते मत खरे ठरत नाही. ते खरे ठरवण्याचे काम वेगळे आहे आणि ते आपल्यालाच करावे लागते. हे मला कळले ते आपल्याच जुन्नरच्या डोंगरात.

जुन्नरभोवती लेणीच लेणी आहेत. तुळजालेणी, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे. साधारण इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ही कोरली गेली. पण आमच्या भागात कोणालाही विचारा, लेणी कोणी कोरली? उत्तर येते, पांडवांनी. एका रात्रीत. सकाळी कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना तर नावच पांडवलेणी पडले. लेण्याद्रीला गिरिजेने तप केले, म्हणून तिथला गणपती गिरिजात्मज. तुळजालेण्यांचे नाव देवीवरून आणि मानमोडीच्या एका गटाचे नाव चक्क भूतलेणी.

या डोंगरातली ही सर्वांत लोकप्रिय मालिका आहे मित्रांनो. तिचे चाहते घराघरात आहेत आणि तिच्यात देव आहे, राजपुत्र आहेत, भुतेही आहेत. फक्त ज्यांनी लेणी दिली ती माणसे नाहीत.

आणि ती माणसे तर भिंतीवर स्वतःचे नाव लिहून गेली आहेत! ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आजही स्तूप उभा आहे. ते चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे, असे तिथला लेख सांगतो. सुलसदत्ताचा बाप ‘हेरणिक’ होता, म्हणजे सोनार किंवा खजिनदार. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. करंजाच्या झाडांसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. इरिल नावाच्या यवनाने टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. आणि त्या भूतलेण्यात? तिथे चंद नावाच्या यवनाचे दान कोरलेले आहे. दात्याचे नाव लोक विसरले आणि त्याच्या जागी भूत बसवले.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात दिसते ते असे. पांडवांची गोष्ट केवळ करमणूक करत नाही. ती श्रेय काढून घेते. सोनार, बुरूड, कासार, धान्याचा व्यापारी, भिक्षुणी, समुद्रापलीकडून आलेला परका माणूस, अशा सगळ्यांनी मिळून उभी केलेली वस्तू ती राजघराण्याच्या पाच भावांच्या नावावर करते. आणि ‘एका रात्रीत’ या दोन शब्दांत पिढ्यान् पिढ्या चाललेली छिन्नी नाहीशी होते. निदान दात्यांची नावे तरी उरली. ज्यांनी प्रत्यक्ष दगड फोडला, त्यांची नावे या दानलेखांत नाहीत.

आता आपली बाजू.

आमच्या वर्गातला एक मुलगा गावातल्या एका चर्चेत भांडायला उभा राहिला. त्याच्या मोबाइलमध्ये एक संदेश आला होता: ‘लेण्याद्रीची बुद्धमूर्ती फोडून तिथे गणपती बसवला. अष्टविनायक म्हणजे मुळात अष्टांगिक मार्गाची आठ बुद्धस्थाने.’ त्याने ते ठणकावून सांगितले. समोरच्या शिकलेल्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “मूर्ती कोणत्या लेण्यात होती? बाकीच्या सात ठिकाणी लेणी कुठे आहेत?” मुलाकडे उत्तर नव्हते. लोक हसले. त्या हसण्यात एक खरी गोष्टही वाहून गेली. लेण्याद्री हे बौद्ध लेणे आहे, हे वाक्यसुद्धा त्या दिवसापासून त्या गावात ‘यांची एक थिअरी’ झाले. तो मुलगा पुढे दोन महिने वर्गाला आला नाही. चूक त्याची एकट्याची नव्हती. त्याला तो संदेश पडताळायला आम्ही शिकवले नव्हते.

खरे काय आहे? जुन्नरची लेणी ज्या काळातली आहेत, त्या काळात इथे बुद्धाची मूर्ती कोरण्याची पद्धत नव्हती. बुद्धाची खूण म्हणजे स्तूप, आणि तो शेजारच्या सहाव्या लेण्यात जागेवर आहे. गणपतीचे देऊळ सातव्या लेण्यात आहे. ते लेणे म्हणजे भिक्खूंचा मोठा विहार. तीन बाजूंच्या भिक्खूंच्या खोल्या आजही मोजता येतात. अष्टविनायकांपैकी लेण्यात असलेले ठिकाण हे एकच. म्हणजे त्या मुलाला खोट्याची गरजच नव्हती! उजवीकडच्या भिंतीपलीकडे की डावीकडच्या, एवढे पाहून स्तूपाकडे बोट दाखवले असते तरी पुरे होते.

आपल्याला खोट्याची सवय लागली तर नुकसान आपलेच आहे. त्यांच्या गोष्टीला पुराव्याची गरज नाही, कारण तिच्या मागे देऊळ, उत्सव, पाठ्यपुस्तक आणि सत्ता उभी आहे. आपल्या मताच्या मागे पुराव्याशिवाय दुसरे काहीच नाही. तो एक आधार आपण हाताने काढून टाकला, तर उरते ती फक्त दुसऱ्या पक्षाची पांडवकथा.

बाबासाहेबांची पद्धत पाहा. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी वाताहत झालेल्या माणसांचा सिद्धांत मांडला. प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात की साखळीचे काही दुवे हरवलेले आहेत आणि तिथे अनुमानाचा आधार घ्यावा लागला आहे. टीकाकाराने तो तपासावा, याहून चांगला सिद्धांत असेल तर पुढे आणावा, ही त्यांची भूमिका आहे. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या बुद्धविहारात मूर्तीची स्थापना करताना त्यांनी पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे मूळचा बुद्ध, असे मत मांडले. त्यावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या इतिहास संशोधक मंडळापुढे वाचण्याचा आपला विचार त्यांनी सांगितला. मंडळापुढे, म्हणजे जिथे उलट प्रश्न विचारणारे अभ्यासक बसलेले असतात तिथे. प्रबंध पूर्ण झाला नाही. तो पूर्ण करणे हे अभ्यासाचे काम आहे, घोषणेचे नाही.

फुल्यांच्या काही व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रात टिकत नाहीत. हे मान्य केल्याने फुले लहान होत नाहीत. त्यांचा प्रश्न टिकला आहे आणि माझ्या मते प्रश्नच मोठा होता.

आता माझे नावडते मत सांगतो. काही मित्रांना ते खटकेल. जुन्नर म्हणजे फक्त बौद्धांचा इतिहास, असे आपण म्हणू नये. याच तालुक्यात नाणेघाट आहे. तिथला सातवाहन राणी नागनिकेचा समजला जाणारा मोठा लेख वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-नाण्यांची यादी सांगतो. आणि मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम हा वर्ष ४६ मध्ये मंडप आणि टाके दान करतो. एकाच परिसरात यज्ञ करणारी राणी, परक्या सत्तेचा अमात्य, यवन आणि कारागिरांच्या श्रेणी नांदत होत्या. नाणेघाटचा लेख आपल्या सोयीचा नाही म्हणून तो लपवला, तर पांडवांच्या गोष्टीला खोटे म्हणण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो. उलट तो लेख पुढे ठेवला तर खरा प्रश्न उभा राहतो. दोन्ही परंपरा इथे असताना एकीच्याच आठवणी लोकांच्या तोंडी का उरल्या? आणि दुसरीच्या वाट्याला भुते का आली?

लेण्याद्रीला जाणाऱ्या भाविकांशी आपले भांडण नाही. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेली म्हातारी माउली श्रद्धेने येते. तिची श्रद्धा हिरावून घ्यायला आपण बसलेलो नाही. आपली मागणी साधी आहे. त्याच पायऱ्या चढून आलेल्या शाळकरी मुलाला सहाव्या लेण्यात नेऊन सुलसदत्ताचे नाव वाचून दाखवले गेले पाहिजे. लेखाचा मराठी अर्थ तिथे ठळक लावला गेला पाहिजे. त्यासाठी निवेदने द्या, पाठपुरावा करा. सनदशीर मार्गाने करा.

आणि त्याआधी स्वतः वाचायला शिका. ब्राह्मी अवघड नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचून छापले. बरीच अक्षरे आठवडाभरात ओळखू येतात. आमच्या वर्गात आता तेच सुरू आहे. तो रुसलेला मुलगाही परत आला आहे. मागच्या वेळी लेण्याद्रीला गेलो तेव्हा त्याने बोटाने हवेत गिरवत ‘दे-य-ध-म’ अशी अक्षरे एकेक करून लावली. देयधम म्हणजे धम्मासाठी दिलेले दान.

कटप्पाचा प्रश्न विचारणारी मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “यात कोणी कोणाला वचन दिलेलं नाही. यांनी मनानं दिलंय.”

नमो बुद्धाय! जयभीम!