दहशतवादविरोधी पथक, महाराष्ट्र

महाराष्ट्र पोलीस दलाची विशेष शाखा. स्थापना २००४. ‘एटीएस’ या नावाने परिचित. दहशतवादी कारवायांची खबर काढणे, कट उधळणे आणि घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करणे ही तिची मुख्य कामे. कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य.

पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय असल्याने दहशतवादी गुन्ह्याचा पहिला भार स्थानिक पोलिसांवरच येतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण ठार झाले. त्या वेळी हे पथक स्थापन झाले नव्हते. वरळीत बेवारस सोडलेल्या मारुती व्हॅनमध्ये शस्त्रे सापडली आणि गाडीच्या नोंदणीवरून मुंबई पोलीस माहीमच्या मेमन या संशयित कुटुंबापर्यंत पोचले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या लागून ते मरण पावले, पण कसाब जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. खटल्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात कसाबला फाशी झाली. या हल्ल्यानंतर केंद्राने राष्ट्रीय तपास यंत्रणा (एनआयए), तर राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभारले. गंभीर प्रकरणांचा तपास केंद्र सरकार एनआयएकडे सोपवू शकते.

पथकाचे अनेक तपास वादग्रस्त ठरले. २००६ च्या मालेगाव स्फोटांत त्याने आरोपी केलेल्यांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल रेल्वे स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. पथकाने तपास केलेल्या या खटल्यात २०१५ मध्ये दोषी ठरलेल्या सर्व बारा जणांची मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब, ओळख परेड आणि जप्ती हे पुरावे न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. अटक झाली म्हणजे तपास तडीस गेला असे होत नाही. पथकाच्या कामाची खरी परीक्षा न्यायालयात होते.