कथेवर खटला : प्राचीन शाळेतील खंडन-मंडनाचा धडा

१/ डॅफ्नीची कथा ग्रीक-रोमन जगात सर्वपरिचित होती. अपोलो देव तिच्यावर भाळला, तिच्यामागे धावला. पृथ्वीमातेने लेकीला पोटात घेतले आणि त्या जागी लॉरेलचे झाड उगवले. शाळेत मात्र कथेचे तात्पर्य सांगून मुलाची सुटका होत नसे. त्याला कथा अविश्वसनीय ठरवावी लागे, आणि नंतर तीच विश्वसनीयही ठरवावी लागे. 🧵

२/ या शिक्षणक्रमाचे नाव होते प्रोजिम्नास्माटा, म्हणजे पूर्वाभ्यास. व्याकरणाकडून वक्तृत्वाकडे निघालेल्या किशोरवयीन मुलांसाठी तो असे. चौथ्या शतकातील अँटिऑकच्या अफ्थोनियसने आपल्या छोट्या पाठ्यपुस्तकात असे १४ पाठ क्रमाने मांडले आणि प्रत्येकासोबत एक नमुना लिहून दिला.

३/ क्रम विचारपूर्वक लावलेला होता. आरंभी इसापनीतीसारखी बोधकथा, मग साधे कथन, नंतर थोरांचे वचन आणि सुभाषित यांचा विस्तार. पाचवा पाठ खंडनाचा, सहावा मंडनाचा. अगदी शेवटी कायद्याच्या प्रस्तावावरील चर्चा. ज्याला गोष्ट नीट सांगता येत नाही, त्याने तिच्यावर वाद घालू नये, हे तत्त्व या मांडणीतच होते.

४/ खंडनासाठी कोणती कथा निवडावी? अफ्थोनियसचा नियम मार्मिक आहे. उघड सत्याचे खंडन करू नये आणि निव्वळ अशक्याचेही नाही. या दोहोंच्या मधले असेल त्याचेच करावे. जिथे दुसरी बाजू संभवतच नाही, तिथे युक्तिवादाला जागा नसते. निबंधाचा विषय निवडणाऱ्या शिक्षकाला ही कसोटी आजही पुरेशी आहे.

५/ कोऱ्या पाटीसमोर बसलेल्या मुलाला ‘तुझे मत लिही’ एवढेच सांगून भागत नाही. म्हणून त्याच्या हाती प्रश्न दिले जात. कथा संदिग्ध आहे का? असंभाव्य? अशक्य? परस्परविसंगत? अनुचित? निरुपयोगी? मंडन करताना हेच मुद्दे उलटे फिरवायचे : स्पष्ट, संभाव्य, शक्य, सुसंगत, उचित, उपयुक्त.

६/ अफ्थोनियसचा स्वतःचा नमुना पाहावा. डॅफ्नी पृथ्वी आणि लॅडन नदी यांची कन्या. पण नदीपासून माणूस कसा जन्मेल? मर्त्य मुलगी देवापुढे कशी पळेल? आणि पृथ्वीने तिला लपवले तरी का? विवाह वाईट असेल, तर ती स्वतः आई कशी झाली? चांगला असेल, तर लेकीला त्यापासून वंचित का केले?

७/ पुढच्याच पाठात तोच लेखक कवीच्या बाजूने उभा राहतो. पाणी आणि माती हीच तर साऱ्या सृष्टीची मूलद्रव्ये. मग त्यांच्यापासून डॅफ्नी जन्मली यात नवल काय? नुकताच हल्ला चढवलेल्या ठिकाणीच आता तटबंदी उभारायची होती. आपल्याच युक्तिवादातील कच्चे दुवे मुलाला दिसू लागत ते इथे.

८/ सुमारे इ.स. ९५ मध्ये क्विंटिलियनने हा पाठ दंतकथांपुरता न ठेवता इतिहासातील आख्यायिकांनाही लावला. गॉल योद्ध्याशी लढणाऱ्या वॅलेरियसच्या डोक्यावर खरोखर कावळा बसला आणि त्याने शत्रूच्या डोळ्यांवर चोच मारली का? रोम्युलसला लांडगीने पाजले का? राष्ट्राच्या अभिमानाच्या कथाही वर्गात साक्षीदारासारख्या तपासल्या जात.

९/ मुलांचे लेखन तपासण्याविषयी तोच क्विंटिलियन विलक्षण हळवा आहे. लहान वयातील लेखनाचा फुलोरा छाटता येतो. नापीक कोरडेपणावर मात्र इलाज नाही, असे तो मानतो. फार कठोर दुरुस्तीने मुले खचतात, अभ्यासाचा तिरस्कार करू लागतात आणि चुकण्याच्या भीतीने काही करूनच पाहत नाहीत, हा त्याचा इशारा आहे.

१०/ या पद्धतीची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. हे शिक्षण मुख्यतः सुस्थितीतील घरांतील मुलग्यांचे होते, आणि छडी हे त्याचे नेहमीचे साधन होते. शिवाय दोन्ही बाजू सारख्याच सफाईने मांडणाऱ्याला सत्याची चाड उरते का?

११/ ही शंका ऑगस्टिनने स्वानुभवातून मांडली. क्रुद्ध जूनो देवीचे भाषण गद्यात रचण्याचा पाठ, हा याच परंपरेतला दुसरा अभ्यास, त्याला लहानपणी दिला गेला होता आणि त्यात त्याने वाहवा मिळवली होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहिताना ते सारे त्याला केवळ धूर आणि वारा वाटले.

१२/ तरीही पाठ टिकला. १६व्या शतकात अफ्थोनियसच्या लॅटिन आवृत्त्या युरोपभर छापल्या गेल्या आणि इंग्लंडच्या ग्रामर स्कूलांतही पोहोचल्या. ऑगस्टिनचा आक्षेप खोडून काढता येत नाही; पण तो आक्षेप इतक्या नेमकेपणाने मांडणारी लेखणीही याच शाळेत घडली होती. कथेवर प्रेम करावे आणि तिला प्रश्नही विचारावेत, ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत, हे त्या शाळेने मुलांच्या हातून लिहवून घेतले.