लम्पी साथ, बाजारबंदी आणि जनावरांचे भाव (जुन्नर–आंबेगाव)

लम्पी हा मुख्यतः गायीबैलांना होणारा विषाणुजन्य त्वचारोग. डास, माश्या, गोचीड तो पसरवतात. जनावराला ताप येतो, अंगभर घट्ट गाठी उठतात, पाय सुजतात, दूध आटते. बरे झाल्यावरही कातडीवर व्रण राहतात आणि गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये चिनावल (ता. रावेर, जि. जळगाव) येथे साथ उघड झाली. सप्टेंबरमध्ये शासनाने २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याखाली सारा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरवला. गुरांची वाहतूक, बाजार आणि शर्यती थांबल्या.

घोडेगावच्या पुढे भीमाशंकर रस्त्यावर असलेल्या शिनोलीसारख्या गावांना जनावर विकायचे तर बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार किंवा चाकणचा बाजार गाठावा लागतो. तिथे रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. बाजार बंद झाला की भाव पडतो एवढेच म्हणणे अपुरे आहे. भाव निघतच नाही. भाकड गाय, थकलेला बैल दावणीलाच राहतो आणि वैरणीचा खर्च रोज चालू राहतो. दारात येणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत मग मुकाट्याने घ्यावी लागते.

गायीच्या कत्तलीवर बंदी आधीपासून होती; मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. त्यामुळे राज्यात कायदेशीर कत्तल उरली ती म्हशी-रेड्यांची. लम्पीचा उपद्रव म्हशीला कमी, पण बाजार आणि वाहतूक अडली की तिचाही पुरवठा तुटतो. अशा वेळी गोठ्यात जनावर स्वस्त आणि दुकानात मांस महाग, अशी दोन्ही टोके एकाच वेळी दिसू शकतात.

निर्यातीचे गणित लाळ्या-खुरकुताशी बांधलेले आहे. हा रोग देशात असल्याने अनेक देश भारतीय मांस घेत नाहीत. जे जाते ते बिनहाडाचे, गोठवलेले म्हशीचे मांस. विषाणू हाडात व लसिका ग्रंथींत टिकतो म्हणून ते भाग काढून टाकतात. परदेशी मागणी घटली की भाकड म्हशीचा भावही उतरतो.

लम्पीने दगावलेल्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत शासनाने दिली. ती आवश्यकच होती. मात्र तिचा हिशेब मृत्यूवर बेतलेला होता. बाजार बंद असल्याने विकता न आलेल्या निरोगी जनावराचा तोटा तिच्यात धरलेला नव्हता, आणि लहान शेतकऱ्याला तो तोटाही तितकाच खरा होता.