रोमच्या उंबरठ्यावर

गेल्या वर्षभरात एक वाक्य मी इतक्यांदा बोललोय की ते आता आपोआप तोंडातून बाहेर पडतं. "सध्या वेळ नाही." पुण्यातल्या एका कॅथलिक फादरांनी विचारलं होतं, "मग शिकवणीला कधीपासून येतोस?" तेव्हाही मी हेच म्हणालो.

खोटं नव्हतं ते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माधवनगरच्या घरातून काम करतो. अमेरिकेतली टीम जागी होते तेव्हा आमची जेवणं आटपत असतात आणि शेवटचा कॉल संपेपर्यंत साडेअकरा वाजतात. पण प्रश्न वेळेचा होता का, हे तपासायला मी इतिहासात शिरलो आणि तिथे मला माझ्याआधी याच उंबरठ्यावर उभी राहिलेली माणसं भेटली.

आधी माझं सांगतो. आमचं घर ख्रिस्ती. वडिलांकडचे मिरजेच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे डॉ. वानलेस यांनी जिथे हॉस्पिटल उभारलं तिथले. आईकडचे अहिल्यानगरकडच्या एस.पी.जी. मिशनचे, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात या दोन्ही परंपरा होत्या. माझा बाप्तिस्मा याच चर्चमधला. प्रार्थना मात्र मी आजीकडून शिकलो, तिच्या जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातून. म्हणून कुणी विचारलं तर मी स्वतःला अँग्लिकनच म्हणतो.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा ऑफिसच्या वाटेवर एक कॅथलिक चर्च होतं. संध्याकाळच्या मिस्साची वेळ सोयीची, म्हणून आत जायला लागलो. कम्युनियनची वेळ आली की सगळा बाक उठून रांगेत जायचा. मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट द्यायचो आणि बसून राहायचो. कॅथलिक नसलेल्याने ते घ्यायचं नसतं, हा नियम मला माहीत होता. पहिल्यांदा काही वाटलं नाही. सहा महिन्यांनी वाटायला लागलं.

आपल्या भाषेत ख्रिस्ती साहित्य म्हटलं की पहिलं नाव येतं ते फादर थॉमस स्टीफन्स यांचं. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण म्हणजे जवळपास अकरा हजार ओव्या. हे पुस्तक आपण मराठीचं वैभव म्हणून शाळेत ऐकतो. पण ते लिहिणारा माणूस गोव्यात कसा आला, हे सहसा कुणी सांगत नाही. स्टीफन्स इंग्रज होते. राणी एलिझाबेथच्या राज्यात इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं होतं आणि कॅथलिक असणं धोक्याचं झालं होतं. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं होतं. पाउंड पकडले गेले. पुढे त्यांच्या आयुष्याची जवळपास तीस वर्षं तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटे रोमला पोचले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत. गोव्यात पोचल्यावर काही दिवसांतच त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात समुद्र, वारे, मासे, जहाजावरचे आजार असं सगळं आहे. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलंही गेलं. चर्च सुटलं, देश सुटला, पण वडिलांना सांगायचं राहिलं नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली.

स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी हाच प्रश्न मुंबईत आला, तोही एका इंग्रज पाद्र्यासमोर. तोवर काळ बदलला होता. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये काही अँग्लिकन विद्वानांनी एक चळवळ चालवली होती. त्यांचं म्हणणं असं की आपलं चर्चही प्रेषितांपासून चालत आलेलं, खरंखुरं 'कॅथलिक' चर्च आहे, फक्त पोपखाली नाही. चळवळीचे एक पुढारी जॉन हेन्री न्यूमन यांना १८३९ मध्ये पहिली शंका आली आणि १८४५ मध्ये ते रोमला गेले. मधली सहा वर्षं त्यांनी विचारात काढली. पण चळवळ थांबली नाही. तिच्यातूनच १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात अँग्लिकन संन्याशांचा एक संघ निघाला. हे काउली फादर मुंबईत आले, पुण्यात आले. पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन याच वर्तुळातलं. हो, तेच पंचहौद, जिथे १८९० मध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटं आली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. पुण्यात एका कपाची इतकी किंमत असेल, तर चर्च बदलण्याची काय असेल?

काउली संघाच्या मुंबईतल्या मठाचे प्रमुख होते फादर ल्यूक रिव्हिंग्टन. लंडनच्या जुन्या प्रकाशक घराण्यातला माणूस. ऑक्सफर्ड चळवळीच्या पत्रिका ज्या रिव्हिंग्टनांनी छापल्या, तेच हे घराणं. म्हणजे अँग्लिकन चर्चच 'कॅथलिक' आहे, हा युक्तिवाद या माणसाला घरातूनच मिळालेला. १८८८ मध्ये रिव्हिंग्टन रोमन कॅथलिक झाले. त्याच वर्षी त्यांनी एक पुस्तिका काढली, तिचं नाव 'अधिकार'. रोमच्या चर्चमध्ये जाण्याचं एक साधं कारण, असं तिच्या उपशीर्षकात म्हटलं आहे.

त्या नावापाशी मी थांबलो. माझ्या मनात धूप होता, मेणबत्त्या होत्या, शांतता होती. रिव्हिंग्टन यांना ते सगळं अँग्लिकन चर्चमध्येच मिळत होतं. त्यांचा प्रश्न दुसराच होता. दोन प्रामाणिक माणसं एकच बायबल वाचून दोन अर्थ काढतात, तेव्हा निवाडा कोणी करायचा? आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कुणीही लिहावं, पण शेवटी मर्ज कोण करणार?

काउलीच्या याच संघाशी जोडलेला एक मराठी माणूस मात्र गेला नाही. नीळकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे. १८२५ चा जन्म, झाशीजवळचा. कोकणस्थ ब्राह्मण, काशीत वाढलेले पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून पाद्र्याकडे गेले आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. घरदार तुटलं. पत्नीने साथ दिली, पण १८५३ मध्ये मुलगी जन्मली आणि लवकरच पत्नी वारली. मुलगी एलन लक्ष्मी एका इंग्रज कुटुंबात वाढली. ती पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली. गोऱ्यांनी षड्दर्शनांवर मोठा ग्रंथ लिहिला, १८७० च्या सुमारास अँग्लिकन पुरोहित झाले, काउली संघात उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रतं घेतली नाहीत. १८९५ मध्ये मुंबईत अँग्लिकन म्हणूनच वारले.

त्यांचा आणि रिव्हिंग्टनचा हिशोब मी शेजारी शेजारी मांडून पाहिला. रोमच्या दृष्टीने अँग्लिकन पुरोहिताची दीक्षा खरी नव्हती. गोऱ्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८९६ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी तसं अधिकृत जाहीरच केलं. त्याआधीही जाणाऱ्याला पुन्हा दीक्षा घ्यावी लागे. रिव्हिंग्टन यांना यात स्वतःची पंचवीस-एक वर्षं पुसावी लागली. गोऱ्यांना काय पुसावं लागलं असतं? ज्या बाप्तिस्म्यासाठी काशी गेली, नातीगोती गेली, त्या दाराबद्दल म्हणायचं की ते खरं दार नव्हतं. एकदा सगळं देऊन आलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा द्यायला काय उरतं? इंग्रज माणसाचं धर्मांतर आणि आपल्या माणसाचं धर्मांतर यांची किंमत एका चलनात मोजता येत नाही.

गोऱ्यांच्या पत्रांचा जिच्यावर परिणाम झाला ती पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन जोगिणींच्या आश्रयात तिचा बाप्तिस्मा झाला. त्या जोगिणींना वाटलं, आता ही चर्चचं ऐकेल. रमाबाईने सिस्टर जेराल्डिनला लिहिलेली पत्रं वाचा. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून कशीबशी सुटलेली बाई दुसरं जोखड मानेवर घ्यायला साफ नकार देते. रिव्हिंग्टन ज्या 'अधिकारा'च्या शोधात रोमला गेले, त्याच अधिकारापासून रमाबाई चार पावलं मागे सरली. आणि मला दोघंही पटतात, हीच माझी अडचण आहे.

चौथा माणूस बंगाली, पण घटना तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली, कारण सिंध त्या वेळी याच इलाख्यात होता. भवानीचरण बंद्योपाध्याय तिथे शिक्षक होते. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी एका अँग्लिकन पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कराचीत ते कॅथलिक झाले. फक्त सात महिने! पुढे ब्रह्मबांधव उपाध्याय या नावाने भगवी वस्त्रं घालून ते हिंडले. 'सोफिया' नावाचं मासिक चालवलं, वेदान्ताच्या भाषेत ख्रिस्त सांगायचा प्रयत्न केला, नर्मदाकाठी जबलपूरला मठ काढला. ज्या अधिकारावर विश्वास टाकून ते गेले, त्याच अधिकाराला हे पटलं नाही. मठ गुंडाळला गेला, 'सोफिया' वाचायला कॅथलिकांना मनाई झाली. १९०७ मध्ये राजद्रोहाचा खटला चालू असतानाच ते कलकत्त्यात वारले. अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाले.

हे सगळे माझ्यापेक्षा कमी व्यग्र नव्हते. उपाध्याय शिकवत होते, लिहीत होते, छापत होते. त्यांना सात महिने लागले, न्यूमनना सहा वर्षं. पण 'वेळ मिळाला की बघू' असं यांच्यापैकी कुणी प्रश्नाला लटकवून ठेवलेलं दिसत नाही. कामाच्या मधल्या फटीत नाही, काम करता करताच ते त्या प्रश्नाबरोबर राहत होते.

माझी किंमत त्यांच्या मानाने काहीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकानंतर, वातावरण निवळलंय. माझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, पुन्हा पाणी घ्यावं लागणार नाही. शिकवणी, श्रद्धेची कबुली, दृढीकरण, आणि मग त्या रांगेत उभं राहायचं. वेळ आठवड्याला तासभर. तेवढा तर मी मोबाइलवर क्रिकेटचे जुने सामने बघण्यात घालवतो.

म्हणजे वेळ हे कारण नव्हतं. कारण आजी होती. तिने ज्या प्रार्थनापुस्तकातून मला देव दाखवला ते अपुरं होतं, असं मला म्हणायचं नाहीये. आणि आईला सांगायची भीती होती.

गेल्या आठवड्यात सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय रे, पोरीबिरीचं आहे का?" नाही म्हटलं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जायचं असेल तर जा. पण आधी आपल्या पाळकांना सांग. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

रविवारी उपासनेनंतर पाळकांना भेटलो. त्यांनी रागावायचं टाळलं आणि सल्ला द्यायचंही टाळलं. फक्त म्हणाले, "का जायचंय ते एका कागदावर लिहून काढ. मला दाखवू नकोस."

दर गुरुवारी सात ते आठ मी कॅलेंडरमध्ये अडवून ठेवलेत. टीमला वाटतं, मी जिमला जातो. कागदावर अजून दीडच ओळ आहे.