प्रकाशाला वळण लावणारी माणसे

शाळेत आपण शिकलो, की प्रकाश सरळ रेषेत जातो. जाताना तो डोलतो आणि त्या डोलण्याला दिशा असते, हे मला अभियांत्रिकीला गेल्यावर नीट कळले. साध्या दिव्याचा प्रकाश सगळ्या दिशांना डोलतो. त्याला एकाच दिशेत आणणे म्हणजे ध्रुवीकरण.

१८०८ साली पॅरिसमध्ये मालूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले मावळतीचे ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवला तशा दोन प्रतिमा आलटून पालटून उजळ आणि मंद होऊ लागल्या. १८४५ मध्ये फॅरेडे यांना दिसले, की चुंबकाजवळ ठेवलेल्या काचेतून जाताना ही दिशा वळते. पुढे १८७५ मध्ये केर यांनी आणि १८९३ मध्ये पॉकेल्स यांनी विजेच्या दाबाने तेच साधले.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मैमन यांचा माणकाचा लेसर चालला, पण त्याची ऊर्जा तुटक ठिणग्यांसारखी बाहेर पडे. हेलवर्थ आणि मॅक्लंग यांनी १९६२ मध्ये उपाय दाखवला. माणिक आणि आरसा यांच्यामध्ये केर यांची युक्ती बसवली. विजेचा दाब असेपर्यंत प्रकाशाची दिशा बदलते, लेसर पेटत नाही आणि माणकात ऊर्जा साठत राहते. दाब काढला की सगळी ऊर्जा एका झटक्यात बाहेर! धरणाचा दरवाजा उघडावा तसे.

पुढे निओडिमियमयुक्त याग स्फटिक आला आणि नवी अडचण उभी राहिली. स्फटिकाची कांडी आत तापते, बाहेरून थंड केली जाते. त्या ताणामुळे प्रकाशाची दिशा जागोजागी वेगळी वळते आणि नीट लावलेली शिस्त मोडते. १९७१ मध्ये स्कॉट आणि डी विट यांनी दोन सारख्या कांड्या घेऊन मधे प्रकाश ९० अंशांनी वळवला. पहिलीने केलेला बिघाड दुसरीने निस्तरला. प्रवर्धकातून उलटा येणारा प्रकाश मूळ लेसरला इजा करू नये, म्हणून दारावर फॅरेडे यांची काच पहारा देते. तिच्यातून प्रकाश परत आला तरी वळण उलटत नाही, दुप्पट होते. म्हणून त्याला अडवता येते.

कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसरझोत आहेत. प्रत्येक झोत मुख्य प्रवर्धकातून पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि योग्य क्षणी बाहेर सोडायचा, हे काम पॉकेल्स यांच्याच तत्त्वावर चालते. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेसरऊर्जा लक्ष्यावर पडली आणि संलयनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली.

मी सॉफ्टवेअर लिहिते. माझे काम पाच वर्षांत जुने होते. म्हणून या इतिहासाचे मला अप्रूप वाटते. फॅरेडे आणि पॉकेल्स यांच्या डोळ्यांसमोर लेसर नव्हताच. त्यांनी फक्त नीट पाहिले आणि नीट लिहून ठेवले. आपल्या गुरुजनांनी प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ वेगळे लिहायला लावले, त्यामागे हेच होते.